क्लोरीन टाकतोय, तरी पाइप बुळबुळीत का?

टाकीतलं पाणी लॅबला दिलं, रिपोर्ट ओके आला, म्हणजे कोंबड्या स्वच्छ पाणी पितायत, हा पोल्ट्रीतला सगळ्यात चिवट गैरसमज. अहो, कोंबडी टाकीतून पितच नाही, निपलमधून (पाइपाला लावलेल्या, चोचीने दाबली की थेंब सोडणाऱ्या तोटीतून) पिते, आणि मधल्या पाइपात काय शिजतंय ते रिपोर्टला कुठून कळणार!

पाइपात आतून बोट फिरवलं की जो बुळबुळीतपणा लागतो तो म्हणजे बायोफिल्म. बॅक्टेरिया पाइपाच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रोटीन, फुटलेल्या पेशींचा डीएनए असं चिकट जाळं तयार करतात. पोल्ट्रीत तर त्यांची चंगळच. पिल्लं लहान असताना शेड ३२-३३ डिग्रीला गरम, पिल्लं पितात थोडंसं म्हणून पाणी लाइनीत नुसतं तुंबून, आणि वरून आपणच त्यात व्हिटॅमिन, ग्लुकोज, लसीबरोबर दूध पावडर सोडतो.

आता माझा आवडता भाग. थर घट्ट म्हणून क्लोरीन आत शिरत नाही असं वाटतं ना? तसं नाहीये. क्लोरीनचा रेणू इवलासा, जाळ्याची भोकं त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी. खरी भानगड ही की तो महाभांडखोर आहे, वाटेत जो सेंद्रिय पदार्थ भेटेल त्याच्याशी रिअ‍ॅक्शन करतो आणि तिथेच संपतो. म्हणजे शर्यत आहे, झिरपणं आधी की खर्च होणं आधी, आणि थराची जाडी दुप्पट झाली की नुसतं झिरपत तळाला जायला वेळ चौपट लागतो, त्यामुळे वरचे मरतात आणि खालचे मजेत. त्यात पीएचची (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या आकड्याची) गोची. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतो, हायपोक्लोरस अ‍ॅसिड आणि हायपोक्लोराइट, आणि जंतू मारण्यात पहिलं रूप कैकपट भारी. पीएच साधारण ७.५ ला दोन्ही निम्मे-निम्मे, ८.५ ला भारीवालं जेमतेम १० टक्के उरतं. म्हणजे डोस तोच, दम गेला.

अजून एक गंमत. कॅम्पिलोबॅक्टर, म्हणजे कोंबडीच्या आतड्यात राहणारा आणि माणसाला जुलाब लावणारा बॅक्टेरिया, त्याला ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आसपास लागतो, हवेतला २१ टक्के त्याला झेपत नाही. पण थरातले वरचे शेजारी ऑक्सिजन खाऊन टाकतात, की खाली याची सोय झालीच.

म्हणून दोन बॅचच्या मधे, शेड रिकामं असताना, पोल्ट्री लाइनसाठी मिळणारं स्टॅबिलाइज्ड हायड्रोजन पेरॉक्साइड लेबलवरच्या डोसने लाइनीत भरून काही तास ठेवायचं. बॅक्टेरियातलं कॅटलेज नावाचं एन्झाइम ते फोडतं, ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि थर सैल होतो. मग जोरात फ्लशिंग, नाहीतर सुटलेला गाळ निपलमधेच अडकून बसतो. रोजचा क्लोरीन त्यानंतर कामाला येतो, कारण सुट्या बॅक्टेरियाला तो सहज मारतो. आणि सॅम्पल घेताना टाकीबरोबर लाइनीच्या शेवटच्या टोकाचंही घ्या.