मृद व जलसंधारण परिमंडळे, अमेरिकेतील : राज्यशासनाचे पर्यवेक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्य कायद्यान्वये स्थापन झालेल्या, जमिनीची धूप थांबविणे व पाणी अडविणे या कामांसाठीच्या स्थानिक शासकीय संस्था. त्यांची संख्या सुमारे 3,000 आहे. परिमंडळाची हद्द पुष्कळदा कौंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) हद्दीशी जुळते. तथापि ते कौंटीचे खाते नसून राज्याने निर्माण केलेली स्वतंत्र संस्था असते, आणि तिच्यावरील राज्याच्या देखरेखीचे मूळ येथेच आहे.

या संस्थांच्या उगमाविषयी एकमत नाही. धुळीच्या वादळांच्या काळात, 27 एप्रिल 1935 रोजी संघीय मृदसंधारण कायदा झाला व मृदशास्त्रज्ञ ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली कृषी खात्यात मृदसंधारण सेवा उभी राहिली. मात्र खाजगी जमिनीच्या वापराचे नियमन राज्यांच्या अधिकारात येत असल्याने खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी 1937 मध्ये तो राज्यपालांकडे पाठविला. परिमंडळाची कल्पना बेनेट यांच्या नावे सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तिचा पुरस्कार कृषी खात्यातील एम. एल. विल्सन यांनी केला व तिला कायद्याचे रूप विधिज्ञ फिलिप ग्लिक यांनी दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. टेक्सासमधील 1935 ची वातधूप (वाऱ्याने होणारी धूप) परिमंडळे काही अभ्यासक पूर्वरूप मानतात. ‘पहिले’ हा मानही दोन ठिकाणी दिला जातो : नमुन्यावर आधारलेला पहिला कायदा आर्कॅन्सॉने मार्च 1937 मध्ये केला, तर पहिले परिमंडळ, ब्राउन क्रीक, 4 ऑगस्ट 1937 रोजी नॉर्थ कॅरोलायनातील अ‍ॅन्सन कौंटीत, म्हणजे बेनेट यांच्या जन्मभूमीत, स्थापन झाले. 1940 च्या दशकाच्या मध्यापर्यंत किंवा त्यानंतर लवकरच तेव्हाच्या सर्व 48 राज्यांत असे कायदे झाले.

नमुना कायद्यात राज्य मृदसंधारण समितीची भूमिका मध्यवर्ती होती. पंचवीस भूधारकांनी अर्ज केल्यावर समितीने सुनावणी घ्यावी, हद्द ठरवावी, सार्वमत घ्यावे आणि कौल अनुकूल असला तरी परिमंडळ चालविणे व्यवहार्य आहे का याचा निर्णय स्वतः करावा, अशी योजना होती. परिमंडळाचा कारभार पाहणाऱ्या पाच पर्यवेक्षकांपैकी तिघे भूधारकांनी निवडून द्यावयाचे व दोघे समितीने नेमावयाचे होते. परिमंडळाला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे प्रत्यक्ष कामाचे तंत्रज्ञ बहुतांशी संघीय सेवेकडून येत, तर कायदेशीर अस्तित्व राज्याकडून मिळे, आणि समितीचे नियंत्रण हुकमापेक्षा नेमणूक, समन्वय व मान्यता यांतून चाले. सार्वमताने जमीन वापराचे बंधनकारक नियम करण्याची तरतूद अनेक राज्यांनी गाळली, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव मानावी लागेल.

पुढे राज्यांचे मार्ग वेगळे झाले. टेक्सासमध्ये राज्य समितीच्या जागी असलेल्या राज्य मंडळात पाच सदस्य परिमंडळांच्या संचालकांकडून निवडले जातात व दोघांना राज्यपाल नेमतात, म्हणजे ज्यांच्यावर देखरेख करावयाची त्यांचेच बहुमत. नेब्रास्काने 1972 मध्ये अनेक लहान संस्था एकत्र करून खोऱ्यांच्या हद्दींवर आधारित, करआकारणीचा अधिकार असलेली 24 नैसर्गिक संपदा परिमंडळे निर्माण केली. आता ती 23 आहेत. विस्कॉन्सिनने 1982 मध्ये परिमंडळेच रद्द करून काम कौंटी समित्यांकडे दिले. आयोवात मातीच्या झिजेची कायदेशीर मर्यादा ठरविण्यात आली असून, शेजाऱ्याच्या तक्रारीवरून परिमंडळ जमीनमालकाला उपाय करण्यास भाग पाडू शकते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये ही तरतूद वैध ठरविली.