आरेना (ब्राझील)

ब्राझीलमधील लष्करी राजवटीचा (१९६४–८५) पाठीराखा पक्ष. पूर्ण नाव आलियान्सा रेनोव्हादोरा नासिओनाल, म्हणजे ‘राष्ट्रीय नवनिर्माण आघाडी’. एल साल्व्हादोरमधील याच लघुनामाचा पक्ष १९८१ मधला. त्याचा याच्याशी संबंध नाही.

आरेनाचे स्थापनावर्ष कुठे १९६५, तर कुठे १९६६ दिलेले आढळते. ऑक्टोबर १९६५ मध्ये अकरा राज्यांत गव्हर्नरपदाच्या निवडणुका झाल्या (ब्राझीलचा गव्हर्नर हा राज्याचा कार्यकारी प्रमुख, आपल्याकडील राज्यपाल नव्हे). मिनास जेराइस आणि ग्वानाबारा या दोन वजनदार राज्यांत राजवटीला नको असलेले उमेदवार निवडून आले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला राष्ट्राध्यक्ष कास्तेलो ब्रांको यांनी दुसरा संस्थात्मक अध्यादेश (राज्यघटनेलाही वरचढ असलेले राजवटीचे फर्मान) काढून तेराही पक्ष बरखास्त केले. २० नोव्हेंबरच्या पूरक अध्यादेशाने नव्या संघटनेसाठी किमान १२० प्रतिनिधी आणि २० सेनेटर अशी अट घातली. नोंदणीचे सोपस्कार १९६६ च्या वसंतापर्यंत, म्हणजे तिथल्या शरदापर्यंत, चालले. प्रत्यक्ष जुळवाजुळव आधीच झालेली असल्याने १९६५ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

या अटीने द्विपक्षपद्धती लादली, असे सर्रास लिहिले जाते. ते काटेकोर नाही. प्रतिनिधिगृहात ४०९ आणि सेनेटमध्ये ६६ जागा होत्या. हिशेबाने तीन पक्ष बसत होते. पण सत्तेच्या बाजूला इतकी रीघ लागली, की एमडीबी (ब्राझिलियन लोकशाही चळवळ) या विरोधी पक्षाला २० सेनेटर जमवणेही जड गेले. दोनच पक्ष उरले ते कायद्याच्या आकड्यामुळे कमी आणि प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांच्या धास्तीमुळे व गरजेमुळे जास्त.

आरेना म्हणजे १९६५ मध्ये बरखास्त झालेल्या यूडीएन या पक्षाचाच नवा अवतार, असे एक मत आहे. राष्ट्रीय नेतृत्वापुरते ते पटते. राज्यांत मात्र टिकत नाही. तिथे यूडीएन आणि पीएसडी या हाडवैरी पक्षांची माणसे एकाच छपराखाली आली आणि भाऊबंदकी घरात शिरली. रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यात आलुइझिओ आल्व्हेस यांचे समर्थक हिरव्या रंगाचे, तर दिनार्ते मारिझ यांचे लाल रंगाचे. दोघेही आरेनात असल्याने लोक ‘हिरवी आरेना’ आणि ‘लाल आरेना’ असेच म्हणत. १९६९ मध्ये आल्व्हेस यांचे राजकीय हक्क काढून घेण्यात आले. पुढे त्यांचा गट एमडीबीकडे वळला.

हे वैर पक्षातच मुरावे म्हणून ‘सुब्लेजेंदा’ म्हणजे उपयादीची सोय होती. नगराध्यक्ष व सेनेटरपदासाठी एका पक्षाला तीनपर्यंत उमेदवार देता येत आणि त्यांची मते पक्षाच्या खात्यात एकत्र मोजली जात. समजा, आरेनाच्या तिघांना ३०, १५ आणि १० हजार मते पडली आणि एमडीबीच्या एकट्या उमेदवाराला ४० हजार. बेरीज ५५ हजार होत असल्याने जागा आरेनाची आणि ३० हजारवाला विजयी. गावोगावी ‘आरेना १’ आणि ‘आरेना २’ हेच खरे प्रतिस्पर्धी ठरले. या पक्षाचे राजकारण समजून घ्यायचे तर राजधानी ब्राझिलियातील भाषणांपेक्षा ही मोजणी पाहावी.

पक्ष निव्वळ होयबा होता, हा समजही तपासून घ्यायला हवा. डिसेंबर १९६८ मध्ये मार्सिओ मोरेइरा आल्व्हेस या विरोधी प्रतिनिधीवर खटला भरण्याची परवानगी प्रतिनिधिगृहाने २१६ विरुद्ध १४१ मतांनी नाकारली. आरेनाच्या बऱ्याच सदस्यांनी सरकारविरुद्ध मत दिल्याखेरीज हे घडणे शक्यच नव्हते. दुसऱ्याच दिवशी, १३ डिसेंबरला, पाचवा संस्थात्मक अध्यादेश निघाला आणि काँग्रेस, म्हणजे ब्राझीलची संसद, बंद झाली.

१९७० ला आरेनाने प्रतिनिधिगृहाच्या ३१० पैकी २२३ जागा मिळवल्या. १९७४ मध्ये मात्र सेनेटच्या २२ पैकी १६ जागा एमडीबीने जिंकल्या. साओ पावलोत आरेनाचे माजी गव्हर्नर कार्व्हाल्यो पिंतो हे एमडीबीच्या ओरेस्तेस केर्सियांकडून हरले. मोठी शहरे निसटली, ईशान्य भागाने साथ दिली. एप्रिल १९७७ च्या फर्मानाने एकतृतीयांश सेनेटर अप्रत्यक्ष निवडीने आणले. लोकांनी त्यांना ‘बायोनिक’, म्हणजे कृत्रिम, म्हटले. अशा २२ जागांपैकी २१ आरेनाच्या. १९७८ मध्ये साओ पावलोच्या पक्षमेळाव्यात गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी पावलो मालुफ यांनी सरकारच्या पसंतीच्या लाउदो नातेल यांना पाडले, तेव्हा केंद्राची हुकमत किती सैल झाली होती ते दिसले.

डिसेंबर १९७९ च्या कायद्याने दोन्ही पक्ष संपुष्टात आले. आरेनाचा मोठा हिस्सा पीडीएस या नव्या पक्षात गेला. मारान्यांवचे जुझे सार्नेय हे आरेनाचे अखेरचे अध्यक्ष. १९८५ मध्ये लष्करी राजवटीनंतरचे पहिले नागरी राष्ट्राध्यक्ष तेच झाले.