घरी केलेले सुगंधी साबण विकायचेत? सांगली-साताऱ्यात परवाना असा काढा

गुलाब, चंदन, हळदीचे दोन-तीन रंगांच्या लहरींचे साबण घरच्यांपुरते करायला कुणाला विचारावं लागत नाही. बचत गटाच्या स्टॉलवर किंवा इन्स्टाग्रामवर विकायला काढले, की उत्पादन परवाना हवा. 1982 च्या दुरुस्तीपूर्वी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातल्या व्याख्येतून साबण वगळलेला होता. आता तो त्यात आहे. “आम्ही तयार बेस (साबणाची वडी) वितळवून फक्त साच्यात ओततो” असं सांगूनही सुटका नाही, कारण सजावट, पॅकिंग आणि लेबल लावणं हेसुद्धा कायद्याने उत्पादनच.

परवाना देतं अन्न व औषध प्रशासन. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे त्याच्या पुणे विभागात येतात. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार अर्ज सीओएस-5 या नमुन्यात ऑनलाइन करायचा. मंजूर झाल्यावर सीओएस-8 मध्ये परवाना मिळतो.

बहुतेकांचं घोडं अडतं ते जागेपाशी. उत्पादनाची जागा राहत्या घरात किंवा घराला आतून जोडलेली चालत नाही. भिंती जमिनीपासून सहा फुटांपर्यंत गुळगुळीत आणि पाणी न शोषणाऱ्या हव्यात. अंगाच्या साबणासाठी लघुउद्योगालाही किमान 100 चौरस मीटर जागेची शिफारस आहे, कच्च्या-पक्क्या मालाची साठवण वेगळी. त्यामुळे भाडेकरार किंवा रंगरंगोटी करण्याआधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयात नकाशा दाखवून बोलून घ्या. लहान प्रमाणावर काम असेल तर माझ्या मते लोन लायसन्स बरं: परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल करून घ्यायचा. त्यासाठी अर्ज सीओएस-6, परवाना सीओएस-9.

देखरेखीला पात्र माणूस लागतो, पण बी.फार्म.च हवा असं नाही. डी.फार्म., नोंदणीकृत फार्मासिस्ट किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्तीही चालते. घरातलीच कुणी सायन्सची असेल तर पगार वाचला!

कागद नेहमीचेच: जागेचा मालकी हक्क किंवा भाडेकरार, नकाशा, यंत्रांची यादी, घटकांसह उत्पादनांची यादी, तांत्रिक व्यक्तीची प्रमाणपत्रं आणि नेमणूकपत्र, मालकाचं आधार-पॅन, शुल्काची पावती. पुढे निरीक्षक जागा पाहून जातात. परवान्याला मुदत नसते, पण दर पाच वर्षांनी तो चालू ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं.

लहरींसाठी बाजारातला कुठलाही चकाकता रंग घेऊ नका. सौंदर्यप्रसाधनांसाठी मान्य यादीतलाच हवा. त्यात शिसं 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग) आणि आर्सेनिक 2 पीपीएमच्या वर चालत नाही. पुरवठादाराकडून तपासणी अहवाल मागून फाइलला लावा.

लेबलवर नाव, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, घटक, परवाना क्रमांक, वापराची अंतिम मुदत. साबणाला बॅच नंबरऐवजी उत्पादनाचा महिना-वर्ष टाकायची सवलत आहे. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हे वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांमुळे; पॅकर म्हणून त्या विभागाकडे नोंदणी पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत करायची. आणि सांगलीची हळद घातली म्हणून “खरूज बरी होते” असं छापू नका. रोग बरा करण्याचा दावा केला की साबण औषधात मोडतो आणि परवानाच वेगळा लागतो.

लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. कर्ज-अनुदानाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. सूक्ष्म उद्योगांसाठीची केंद्राची पीएमएफएमई योजना मात्र फक्त खाद्यप्रक्रियेसाठी आहे, साबणाला ती लागू नाही.