लघु प्रवाळ मत्स्यालय

समुद्राइतक्या लवणतेचे पाणी भरलेल्या लहान काचटाकीत जिवंत प्रवाळ, त्यांच्या संगतीने राहणारे अपृष्ठवंशी प्राणी आणि मोजके मासे दीर्घकाळ सांभाळण्याची रचना म्हणजे लघु प्रवाळ मत्स्यालय. हौशी मत्स्यपालकांत ते ‘नॅनो रीफ’ या नावाने रूढ आहे. साधारणपणे १०० लिटरपर्यंतच्या टाकीला हे नाव देतात आणि २० लिटरच्या आतल्या टाकीला ‘पिको’ म्हणतात. या मर्यादा केवळ वापराने ठरलेल्या आहेत.

टाकी लहान म्हणजे काम सोपे, हा नवख्यांचा समज या छंदात सर्वांत महाग पडतो. पाण्याचा मोठा साठा चुका पोटात घालतो, लहान साठा त्या ताबडतोब उघड करतो. बाष्पीभवनात पाणी उडून जाते, पण मीठ मागे राहते. त्यामुळे ४० लिटरच्या टाकीतून १ लिटर पाणी उडाले की दर हजारी ३५ असलेली लवणता जवळजवळ ३६ वर जाते. ४०० लिटरच्या टाकीत तेवढ्याच पाण्याने पडणारा फरक साध्या उपकरणाला जाणवतही नाही. खडकाआड मेलेली एक गोगलगाय, हाताने चुकून जास्त पडलेले खाद्य किंवा चालू स्थितीतच अडकलेला हीटर यांचाही हिशोब असाच लागतो. ४० लिटर पाण्यात १०० वॉटचा हीटर बंद होईनासा झाला, तर बाहेर जाणारी उष्णता सोडून देता पाणी तासाला सुमारे २ अंशांनी तापते. लहान टाकीची मांडणी आणि तिच्यात पुढे केले जाणारे बहुतेक फेरफार म्हणजे मोठ्या साठ्याचे स्थैर्य दुसऱ्या मार्गाने मिळवण्याचे प्रयत्न होत.

इतिहास : प्रवाळ बंदिस्त पाण्यात जगवण्याचा यशस्वी प्रयत्न ॲना थिन या ब्रिटिश बाईंनी १८४६ मध्ये लंडनमध्ये केला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतले जाई. ते प्रवाळ थंड समुद्रातले होते आणि त्यांना प्रखर प्रकाशाची गरज नव्हती. उष्ण कटिबंधातील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या ऊतींत एकपेशीय शैवले राहतात आणि ती प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. त्यामुळे या प्रवाळांना पाण्याइतकाच प्रकाशही लागतो. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपल्या ‘नैसर्गिक पद्धती’चे वर्णन प्रसिद्ध केले. समुद्रातून आणलेला सजीवांनी भरलेला खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे मंद बुडबुडे एवढ्यावर ती चाले. पुढे १९७० नंतर बर्लिनमधील हौशी मंडळींनी तोच खडक, प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून सेंद्रिय द्रव्ये काढून घेणारे उपकरण) यांची सांगड घातली. ही ‘बर्लिन पद्धती’ आजच्या बहुतेक प्रवाळ मत्स्यालयांचा पाया आहे. कमी उष्णतेत पुरेसा प्रकाश देणारे एलईडी दिवे आल्यावर तीच पद्धत मेजावर मावणाऱ्या टाकीत उतरवणे सोपे झाले.

मांडणी : समुद्राचे पाणी लिटरला सुमारे १.०२५ किलो भरते, म्हणून ६० × ४० × ४० सेंमी. मापाची टाकी पाणी, खडक आणि वाळू धरून १०० किलोंच्या पुढे जाते. तिच्याखालचे टेबल मजबूत तर हवेच, शिवाय पूर्ण समतल हवे. थेट ऊन पडणारी जागा तापमानासाठी घातक ठरते.

आत प्रथम खडक रचतात. समुद्रातून आणलेल्या ‘जिवंत खडका’बरोबर उपयुक्त जीवाणू, स्पंज आणि सूक्ष्म कवचधारी येतात, तसे नको असलेले पाहुणेही येतात. रात्री टाकीतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला, तर खडकात पिस्तूल कोळंबी किंवा तिच्याहून उपद्रवी मँटिस कोळंबी दडली आहे असे समजावे. कोरडा सच्छिद्र खडक ही जोखीम टाळतो. मात्र त्याच्यावर जीवाणूंची वस्ती बसायला अधिक वेळ लागतो. खडक वाळूवर न ठेवता टाकीच्या तळावर टेकवावा आणि वाळू त्याच्या भोवती पसरावी. वाळू उकरणारे प्राणी बुडाखालून रचना पोखरतात आणि कोसळलेला दगड काच फोडू शकतो. ॲरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळूचा २ ते ४ सेंमी. थर पुरतो.

पाणी तयार करताना नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी कधी तांबे असते. तांब्याचा अल्प अंशही अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक असतो. आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) आणि त्यापुढे डीआय (उरलेले आयन शोषणाऱ्या) राळेतून गाळलेल्या, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) शून्य दाखवणाऱ्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ विरघळवतात. स्वयंपाकाचे मीठ हे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असल्याने येथे निरुपयोगी आहे. लवणता दर हजारी ३५, म्हणजे २५° से.ला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, एवढी ठेवतात. लवणता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर जुळवण्याऐवजी ३५ च्या प्रमाणित द्रावावर जुळवला, तर नेमक्या लागणाऱ्या आकड्यापाशी तो चुकत नाही.

यानंतर काही आठवडे टाकी प्राण्यांविनाच चालवावी लागते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू खडकावर व वाळूत वस्ती करतात. खडकाच्या आत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे दुसरे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू मुक्त करतात. बाहेरून थोडा अमोनिया देऊन हे चक्र सुरू करता येते आणि त्याला बहुधा ३ ते ६ आठवडे लागतात. दिलेला अमोनिया दिवसाभरात नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्यावर टिकले, की पहिला प्राणी सोडावा. याच काळात काचेवर व वाळूवर डायाटमांचा (सूक्ष्म एकपेशीय शैवलांचा) तपकिरी थर येतो, मग हिरवी शैवले येतात. हा क्रम बहुतेक नव्या टाक्यांत दिसतो आणि त्याला घाबरून औषधे ओतणाऱ्यांच्या टाक्या उशिरा स्थिरावतात.

फेरफार : बाजारातील बहुतेक लहान टाक्या मागच्या बाजूला गाळणीचे कप्पे असलेल्या, सर्व काही एकत्र अशा स्वरूपात मिळतात. त्या गोड्या पाण्यातील माशांना पुरेशा असल्या तरी प्रवाळांसाठी अपुऱ्या पडतात, म्हणून त्यांत बदल करण्याची परंपरा या छंदाइतकीच जुनी आहे. असे बदल करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : लहान टाकीत कोणताही बदल एकटा येत नाही, तो पुढच्या बदलाला आमंत्रण देतो.

दिव्याचे उदाहरण बोलके आहे. मूळ झाकणातला दिवा अपुरा म्हणून झाकण काढून वर एलईडी टांगला, की कोंडलेली उष्णता जाते आणि प्रकाश वाढतो. पण बाष्पीभवनही वाढते आणि मासे उड्या मारून बाहेर पडू लागतात. मग वर बारीक जाळी ताणावी लागते आणि उडालेले पाणी आपोआप भरणारी सोय करावी लागते. नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने लावला, तर प्रवाळ आपली शैवले बाहेर टाकून पांढरे पडतात. म्हणून निम्म्या तेजापासून सुरुवात करून ते तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवतात. मऊ प्रवाळांना ५० ते १५० आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपांच्या (प्रवाळ-वसाहतीतील एकेका जीवाच्या) कठीण प्रवाळांना २०० ते ३५० इतका पार, म्हणजे प्रकाशसंश्लेषणास उपयोगी प्रकाशाचा मोजलेला आकडा, साधारण मानवतो.

पाणी थंड ठेवण्यासाठी लावलेल्या पंख्याचेही तसेच. १ लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात सुमारे २,४०० किलोजूल उष्णता खर्च होते, म्हणजे दिवसाला एक लिटर उडाले तर सरासरी २८ वॉट उष्णता सतत बाहेर काढली जाते. लहान टाकीच्या पंपाने व दिव्याने दिलेली उष्णता पेलायला एवढे बहुधा पुरे होते. मात्र तेच एक लिटर लवणता वाढवते, म्हणून पंखा आणि पाणी भरणारे यंत्र ही जोडी फोडू नये. भरायचे पाणी गोडे, शुद्ध केलेले असते. त्या जागी खारे पाणी घालत राहिल्याने लवणता आठवडाभरात हाताबाहेर गेल्याचे प्रसंग नवख्यांकडे नेहमी घडतात. या यंत्राचा तरंगता स्विच गोगलगाय चढून बसल्यानेही अडकू शकतो, म्हणून प्रकाशीय संवेदक अधिक भरवशाचा; पण खरा बचाव गोड्या पाण्याची बरणी लहान ठेवण्यात आहे. ४० लिटरच्या टाकीत ५ लिटरची अख्खी बरणी रिकामी झाली तर लवणता ३१ च्या आसपास येते, जे बहुतेक प्राणी सोसतात. २० लिटरचा डबा ओतला गेला, तर ती २४ च्याही खाली उतरते.

मागच्या कप्प्यांतील स्पंज हा फेरफारांचा पहिला बळी ठरतो आणि ते योग्यच आहे. वेळेवर न धुतलेला स्पंज अडकलेला कचरा कुजवून नायट्रेट वाढवतो. त्या जागी जाळीची टोपली बसवून वरच्या खणात दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा कापसाचा थर, खाली सक्रियित कोळसा आणि गरज पडल्यास फॉस्फेट शोषणारी लोह ऑक्साइडची खडी ठेवतात. दुसऱ्या कप्प्याला बाहेरून लहान दिवा लावून आत कीटोमॉर्फा शैवलाचा गुंता वाढवला, तर ते नायट्रेट व फॉस्फेट स्वतःत साठवते आणि वाढलेला भाग काढून टाकला की ती द्रव्ये टाकीबाहेर जातात. हा दिवा रात्री चालवल्यास सामूची (पीएचची) रात्रीची घसरणही कमी होते. प्रोटीन स्किमर बुडबुड्यांच्या फेसावर सेंद्रिय द्रव्ये ओढून घेतो. मोठ्या टाकीत तो जवळजवळ अपरिहार्य असला, तरी ५० लिटरच्या आत आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदलणे त्याच्याहून स्वस्त आणि निश्चित पडते.

पाण्याचे आकारमानच वाढवायचे तर टाकीखाली दुसरी टाकी, म्हणजे संप, जोडतात. त्यासाठी काचेला हिरेजडित बिटाने, पाण्याची धार धरून भोक पाडतात. टफन्ड काच मात्र भोक पाडताच चुरा होते, त्यामुळे आधी टाकीचा तळ व बाजू कोणत्या काचेच्या आहेत याची खात्री करावी. वीज गेल्यावर परतीच्या नळीतून वरचे पाणी खाली ओढले जाते. म्हणून त्या नळीला पाण्याच्या पातळीलगत हवा घेणारे छिद्र ठेवावे आणि संपात तेवढ्या पाण्याला रिकामी जागा राखावी. आतील पडदे ॲक्रिलिकचे असतील तर सिलिकॉन त्यांना काचेसारखे घट्ट धरत नाही, शिवाय ॲक्रिलिक पाणी शोषून वाकते. काचेचे पडदे अधिक टिकतात. सिलिकॉन बुरशीरोधक द्रव्ये नसलेलेच घ्यावे आणि पाणी भरण्यापूर्वी ते पूर्ण वाळू द्यावे. विजेच्या जोडण्यांना आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटात न शिरता झोळावरून गळून पडते.

रसायन : तापमान २५ ते २६° से., सामू ८.१ ते ८.४, क्षारता ७ ते ११ डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक), कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिग्रॅ. आणि मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिग्रॅ. या मर्यादा सर्वमान्य आहेत. त्यांतला कोणता आकडा गाठला यापेक्षा तो आठवडाभर हलला नाही, हे अधिक महत्त्वाचे. प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि क्षारता ठरावीक प्रमाणात वापरतात : क्षारता २.८ डीकेएचने घटली की कॅल्शियम सुमारे २० मिग्रॅ.ने घटते. त्यामुळे क्षारतेच्या चाचणीत हा वापर आधी दिसतो. मऊ प्रवाळांच्या टाकीत नियमित पाणी बदलून ही भरपाई होते. कठीण प्रवाळ वाढू लागले की कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेट यांची वेगवेगळी द्रावणे रोज थोडी थोडी देतात, किंवा भरायच्या पाण्यात चुन्याची निवळी वापरतात. निवळीचा सामू १२ च्या वर असल्याने ती थेंबाथेंबानेच पडली पाहिजे.

सजीव : झोअँथस, डिस्कोसोमा, कवकासारखा दिसणारा सार्कोफायटॉन आणि युफिलिया हे प्रवाळ व त्यांचे आप्त लहान टाकीत रमतात, मात्र युफिलियाचे दंशधारी शुंडक रात्री दूरवर पोचतात, त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवावी. माशांत मत्स्यपालन केंद्रात जन्मलेली विदूषक माशांची जोडी, लहान गोबी आणि पिस्तूल कोळंबीशी बीळ वाटून घेणारा गोबी ही चांगली निवड आहे. विदूषक मासा समुद्रपुष्पावाचून जगतो, पण समुद्रपुष्प लहान टाकीत क्वचितच टिकते आणि भटकत पंपात शिरले तर सगळे पाणी नासवते. निळा टँग ३० सेंमी.पर्यंत वाढतो, तर मँडरिन मासा मुख्यतः सूक्ष्म कवचधारी खाऊन जगतो आणि लहान खडकावरचा त्यांचा साठा संपवून उपाशी मरतो. हे दोन्ही मासे दुकानात आकर्षक दिसतात, एवढीच त्यांची लहान टाकीसाठीची पात्रता. तांब्याची औषधे या टाकीत चालत नसल्याने आजारी माशासाठी वेगळी टाकी हाताशी असावी.

झोअँथस आणि पॅलिथोआ यांतील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. त्यांना हाताळताना हातमोजे व चष्मा वापरावा, आणि त्यांनी व्यापलेला खडक कधीही उकळू नये, कारण वाफेवाटे ते विष श्वासात जाऊन माणसे गंभीर आजारी पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

कठीण प्रवाळ आणि राक्षसी शिंपले साइटिस या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्यांची आंतरराष्ट्रीय ने-आण परवान्यानेच होते. टाकीत वाढलेल्या प्रवाळाचे कापून लावलेले तुकडे हौशी पालकांत हातोहात फिरतात, त्यामुळे समुद्रातून नवे काढण्याची गरज कमी होते. उलट दिशेची वाहतूक मात्र पूर्ण निषिद्ध मानावी. मत्स्यालयातील कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे शैवल १९८४ मध्ये मोनाको येथील सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात प्रथम आढळले आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर पसरले. म्हणून टाकीतून काढलेले शैवल गोठवून किंवा पूर्ण वाळवून कचऱ्यात टाकतात. ते आणि टाकीतून काढलेले पाणी समुद्रात, खाडीत किंवा ओढ्यात सोडत नाहीत.