मोगऱ्यातली घाण आणि 399 ची बाटली

परवा भाचीने रिसेप्शनला निघताना 399 रुपयांचा परफ्युम मारला, बाटलीवर पांढरी फुलं आणि खाली 'इव्हिनिंग' लिहिलेलं. लगेच वहिनी सुरू, "असलं नको गं लावू, सगळं केमिकल असतं, त्यापेक्षा गजरा माळ." गजऱ्याला माझी ना नाही, पण केमिकल गजऱ्यातही आहेच की! जाई-मोगऱ्याच्या वासात बेन्झिल अ‍ॅसिटेट भरपूर असतं, आणि तेच कारखान्यात बेन्झिल अल्कोहोल नि व्हिनेगरमधलं अ‍ॅसिड जोडून स्वस्तात बनतं. रेणू तोच, नाकाला काय कळणार कुठून आला. उलट जाईचा एक किलो अस्सल अर्क काढायला शेकडो किलो फुलं लागतात, तीही हाताने खुडलेली, ते 399 मध्ये कसं बसावं?

मग बाटलीतला वास गजऱ्यासारखा का वाटत नाही? माझा संशय इंडोलवर. हा माझा लाडका रेणू आहे त्यामुळे जरा सहन करा. बेन्झीनच्या, म्हणजे सहा कार्बनच्या, षटकोनाला चिकटलेला एक पंचकोन, त्यात एक नायट्रोजन, झालं इंडोल. शुद्ध स्फटिक हुंगले तर डांबरगोळ्या आणि संडास एकदम. साहजिकच आहे, आपल्या आतड्यातले बॅक्टेरिया ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल तोडतात तेव्हा इंडोलच सुटतं. झाडं उलट्या दिशेने जातात, ट्रिप्टोफॅन बनवताना मधल्या स्टेजला इंडोल येतं, पण ते सहसा हाती लागत नाही. ट्रिप्टोफॅन सिंथेज या एन्झाइमच्या अर्ध्या भागात इंडोल तुटून निघतं आणि दुसऱ्या अर्ध्यात सेरीन या आणखी एका अमिनो आम्लाला जोडलं जातं, आणि बॅक्टेरियातल्या एन्झाइममध्ये तर या दोन भागांमध्ये चक्क बोगदा सापडलाय, इंडोल बाहेर न पडता आतल्या आत पोचतं! मक्यासारख्या झाडांकडे मात्र इंडोल मोकळं सोडणारं वेगळं एन्झाइमही असतं.

तर जाईच्या अर्कात हे इंडोल असतं दोन-तीन टक्के. एवढं पातळ झालं की घाण वाटत नाही, उलट तो जड, गोडसर, संध्याकाळचा वास येतो. संध्याकाळचा म्हणजे खरंच संध्याकाळचा हं, ही फुलं अंधार पडताना उमलतात, पांढरी असतात म्हणून दिसतात आणि वासावर रातपतंग येतात. तिन्हीसांजेला गजरा माळून बाहेर पडलं की भूत लागतं म्हणणाऱ्यांना सांगा, लागलाच तर पतंग लागेल.

आता बऱ्याच परफ्युममध्ये जाईच्या वासासाठी हेडिओन नावाचा कारखान्यात बनवलेला रेणू वापरतात, 1966 च्या डिऑरच्या 'ओ सोव्हाज'पासून ते गाजलं. हलकं, हवेशीर, घाणीचा लवलेश नाही, आणि माझ्या मते तिथेच गजरा हरवतो. इंडोलचा आणखी एक त्रास म्हणजे हवा-उजेड लागला की लालसर तपकिरी होतं, त्यामुळे फुलांचा परफ्युम असेल तर बाटली खिडकीत ठेवू नका, कपाटात ठेवा. भाचीची खिडकीतच असते.