बदला घ्यावा की माफ करावं? गणिताला विचारून बघू

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'शत्रूला मनापासून माफ करा, कॅन्सरसुद्धा बरा होतो'. खाली लगेच काकांचं उत्तर, 'माफ केलं की लोक डोक्यावर बसतात'. पहिलं साफ थोतांड. पण काकांचं म्हणणं तपासून बघता येतं, आणि ते तपासलं गेलंयसुद्धा.

१९८०च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने कॉम्प्युटर प्रोग्रॅम्सची टूर्नामेंट भरवली. दोघं समोरासमोर, दर चालीला ठरवायचं, साथ द्यायची का दगा. दोघांची साथ असेल तर ३-३ गुण, दोघांचा दगा असेल तर १-१, आणि एकानेच दगा दिला तर त्याला ५ आणि साथ देणाऱ्याच्या हातात भोपळा. १४ प्रोग्रॅम आले, त्यात एकेकाचे भारी डावपेच, आणि जिंकला कोण तर अनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यात साधा 'जशास तसे'. सुरुवात साथीने करायची, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच आपण करायचं, बास. पुढच्या वेळी ६२ आले, तरी परत हाच पहिला.

म्हणजे काका बरोबर? थांबा, खरी मजा पुढे आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच्या पाहुण्याने चुकून शेजाऱ्याच्या जागेत स्कूटर लावली. शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी मुद्दाम याच्या जागेत लावली, मग याने, मग परत त्याने. दोघंही 'जशास तसे'वाले आणि दोघंही स्वतःच्या मते बरोबर! गुणांत बघा, एका चुकीनंतर आळीपाळीने ५ आणि ०, म्हणजे सरासरी ३ वरून अडीचवर. त्यात दुसरी चूक झाली की कधीकधी दोघंही दग्यावरच अडकतात, पुढची चूक होईपर्यंत, सरासरी १. अशा चुका अधूनमधून होतच राहिल्या तर लांबच्या हिशोबात साथ-साथ, साथ-दगा, दगा-साथ, दगा-दगा या चारही अवस्था सारख्याच वेळा येतात, (३+०+५+१)/४ = २.२५. चूक कितीही क्वचित होवो, आकडा तोच!

१९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड या संशोधकांनी दाखवलं की अशा चुकांच्या जगात 'उदार जशास तसे' टिकतं. साथीला कायम साथ, पण दग्याला साधारण तीनातून एकदा माफी. तीही लॉटरीसारखी, कधी मिळेल ते समोरच्याला कळता कामा नये, दर तिसऱ्यांदा ठरवून माफ केलंत तर तो बरोबर तेवढ्याच वेळा हात मारून घेईल.

तीनातून एक हा आकडा वरच्या गुणांपुरता आहे हं, गुण बदलले की तोही बदलतो. आणि हे सगळं रोज तोंड बघावं लागणाऱ्यांसाठी. एक्सप्रेसवेवर कट मारून गेलेल्याच्या मागे गाडी पळवून काय मिळवणार, तो परत भेटतोय कुठे!