एकरकमी: मराठवाड्यातल्या प्रेमकादंबरीकाराच्या कामाची पार्श्वभूमी

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मराठी प्रेमकादंबऱ्या आता मोबाइलवर ऐकायला मिळू लागल्या आहेत. त्यामुळे मराठवाड्यातल्या अनेक जुन्या लेखकांच्या घरात एकच प्रश्न उभा राहिला आहे: कादंबरी तेव्हा 'एकरकमी' देऊन टाकली होती, मग आज तिच्यावर हक्क कुणाचा? प्रश्न वकिलाचा वाटतो, पण या लेखकांचं रोजचं काम कसं चालायचं हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. कादंबरीकार किती वाजता लिहायला बसणार, रोज किती पानं उरकणार, नायक-नायिकेची ताटातूट कितव्या प्रकरणात होणार, हे त्याच्या लहरीवर फारसं अवलंबून नव्हतं. पैसे कसे मिळणार यावर ते ठरत होतं.

प्रेमाची गोष्ट या मातीला नवी नाही. पैठणच्या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या प्राकृत सप्तशतीत गोदाकाठच्या गावातले रुसवे-फुगवे आणि चोरट्या भेटी आहेत. देवगिरीच्या यादव दरबाराची एक कथा महानुभाव परंपरेत सांगतात. रुक्मिणीच्या स्वयंवरावर काव्य रचणाऱ्या कवीला राजाने सोनं देऊ केलं, अट एकच, काव्यावर नाव राजाचं लागेल. कविकुळाला बोल लागेल म्हणून कवीने नकार दिला. कथा खरी की रचलेली, हा वाद अभ्यासकांनी करावा. नाव विकायचं की नाही हा पेच इथे सात शतकांहून जुना आहे, एवढं तिच्यावरून दिसतं.

मधला काळ भराभर ओलांडतो. निजामी राजवटीत माध्यमिक शाळांत आणि हैदराबादच्या विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होतं. छापील मराठी कादंबरी पुण्या-मुंबईहून यायची, मनमाडला गाडी बदलून. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली आणि चित्र पालटलं. मराठी शाळा वाढल्या, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ आलं, आणि साठच्या दशकात मराठीतून शिकलेली पहिली मोठी पिढी वाचायला लागली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि वर्ग टिकवायचा तर दरवर्षी पुस्तकं घेणं आलंच. वाचनालयात सर्वांत जास्त फिरायची ती कादंबरी, आणि कादंबऱ्यांतही प्रेमाची. परभणी, उदगीर, अंबाजोगाईच्या वाचनालयांत बाइंडिंग करून करून जाड झालेल्या, पानांच्या कोपऱ्यांना तेलकट बोटांचे डाग पडलेल्या त्या प्रती आजही कपाटाच्या तळाशी सापडतात.

ही मागणी पुरवणारे लेखक बहुतेक नोकरदार होते. शाळामास्तर, तहसीलमधले कारकून, पोस्टातले, एसटीतले. पुढे गृहिणीही आल्या. मास्तरांचं लिहिणं रात्रीचं, जेवणं झाल्यावर, घर निजल्यावर. बाईमाणसाचं दुपारचं, भांडी झाल्यापासून मुलं शाळेतून येईपर्यंत. खरा हंगाम मात्र उन्हाळ्याचा. शाळेला सुट्टी, बाहेर पाय टाकवत नाही असं ऊन, आणि दिवाळी अंकाला द्यायची कादंबरी पावसाळ्याच्या तोंडाला पोचवायची घाई. एप्रिल-मे मध्ये दारं लावून, ओलं फडकं डोक्यावर ठेवून मराठवाड्यातल्या कितीतरी नायिका महाबळेश्वरच्या धुक्यात हिंडल्या आहेत.

कादंबरीची लांबी लेखक ठरवत नसे. छपाईचा एक फॉर्म सोळा पानांचा. बारा फॉर्म म्हणजे १९२ पानं, साधारण पन्नास हजार शब्द. प्रकाशकाचं पत्र यायचं, "गुरुजी, बारा फॉर्ममध्ये बसवा." मग हिशेब सोपा. रोज फुलस्केपची चार पानं लिहिली तर दोन-अडीच महिन्यांत बाड तयार. नायकाच्या आईचा विरोध पाचव्या फॉर्मच्या आत, गैरसमज आठव्यात, शेवटचा फॉर्म लग्नाचा. बाड वाढलं तर प्रकाशक पानं कापायचा, कमी पडलं तर एखादं स्वप्न किंवा सहल वाढवून मागायचा. हे साचेबद्ध होतं, हे खरं. पण रोज आठ तास दुसरी नोकरी करून ठरलेल्या पानांत, ठरलेल्या तारखेला गोष्ट पुरी करणं हे कसब आहे, आणि मराठी समीक्षेने त्याची दखल घेतली नाही याचा मला राग येतो.

लिहायची पद्धतही ठरलेली होती. खाली कार्बन घालून बॉलपेन दाबून लिहायचं. वरची प्रत रजिस्टर पोस्टाने पुण्याला, निळी-जांभळी कार्बन प्रत घरी. पोस्टात बाड गहाळ झालं तर तीच आधाराला. संवादांची दुरुस्ती मात्र पाठवण्याआधी व्हायची. लातूरकडच्या लेखकाच्या कानात "काय करलालास?" असायचं, कागदावर उतरायचं "काय करतोयस?" वाचनालयाचा बाजार सगळ्या महाराष्ट्राचा होता आणि नायकाने पुण्याच्या पेठेतलं बोलावं अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. पुढे मराठवाड्यातल्या ग्रामीण कादंबरीने ही रीत मोडली. प्रेमकादंबरीत ती फार उशिरापर्यंत टिकली.

आता तो व्यवहार. मानधनाच्या दोन रीती होत्या. एक रॉयल्टीची: विकलेल्या प्रतीच्या किमतीवर ठरावीक टक्के, वर्षाकाठी हिशेब. दुसरी एकरकमी: बाड दिलं, पैसे घेतले, रेव्हेन्यू तिकिटावर आडवी सही केली, विषय संपला. मराठवाड्यातल्या प्रेमकादंबरीकारांनी मोठ्या प्रमाणावर दुसरी वाट धरली. तो निर्णय चुकीचा होता की शहाणपणाचा, यावर लेखकांच्या बैठकीत अजून आवाज चढतात.

एकरकमीच्या बाजूने बोलणारे सांगतात की प्रकाशक पुण्यात, लेखक नांदेडात. किती प्रती छापल्या, किती खपल्या, हे बघायला कोण जाणार? रॉयल्टीचं पत्र दोन-दोन वर्षं येत नसे, आलं तर आकडा मान्य करण्यावाचून इलाज नसे. त्यापेक्षा हातात आलेली रक्कम खरी. त्या पैशातून बियाणं आलं, बहिणीचं लग्न निघालं, पत्रे काढून स्लॅब पडला. दुष्काळी भागात पुढच्या वर्षीच्या हिशेबावर कुणी घर चालवत नाही.

विरोधात बोलणारे दुसरी बाजू दाखवतात. एकरकमी घेणाऱ्याला पुन्हा पैसे हवे तर पुन्हा नवी कादंबरी लिहावी लागते. जुन्या कादंबरीच्या चार आवृत्त्या निघोत, त्याला काही नाही. म्हणून वर्षाला दोन, तीन, चार कादंबऱ्या. म्हणून तेच गैरसमज, तीच पत्रं, तोच शेवट. रॉयल्टी असती तर एखाद्याने वर्ष थांबून एकच कादंबरी मन लावून लिहिली असती. मला हे म्हणणं जास्त पटतं. एकरकमीने लेखकाचा खिसा भरला, पण फेरलिखाणाचा वेळ खाल्ला, आणि तो वेळच या कादंबऱ्यांना मिळाला नाही.

खरी गुंतागुंत त्या पावतीत आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा जानेवारी १९५८ पासून लागू झाला. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी, ही अट त्यात पहिल्यापासून आहे. पण पावतीवर मजकूर काय असायचा? काहींवर "सर्व हक्कांसह" असं स्पष्ट आहे. बऱ्याच पावत्यांवर मात्र नुसतं "कादंबरीबद्दल मानधन पोचले". याचा अर्थ हक्क गेला, की एका आवृत्तीची परवानगी दिली? प्रकाशक पहिला अर्थ लावतात, लेखकांची मुलं दुसरा. शब्द तेच, आणि दोघांच्या मधे चाळीस वर्षं.

१९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून अमलात आली. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरावा, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो परत जावा, अशा तरतुदी तिने आणल्या. लेखकाच्या बाजूचा कायदा म्हणून तिचं कौतुक झालं. पण या तरतुदी त्याआधीच्या करारांना लागू नाहीत, असं त्याच कलमात पुढे लिहिलं आहे. म्हणजे ज्या पिढीने सर्वांत जास्त लिहिलं आणि सर्वांत स्वस्त विकलं, तीच बाहेर राहिली. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आणली: करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय गेला असं मानता येणार नाही. १९७८ सालच्या पावतीत ॲपवरच्या वाचनाचा उल्लेख असणं शक्यच नाही. पण ही दुरुस्ती तेव्हाच्या पावत्यांना लागते का, यावर प्रकाशक आणि लेखक यांचं एकमत झालेलं नाही.

नावाचं प्रकरण वेगळं. बायकांच्या नावाची प्रेमकादंबरी जास्त खपते असा व्यापारी समज होता, म्हणून काही पुरुषांनी बाईच्या नावाने लिहिलं, आणि काही नावं प्रकाशकाच्याच मालकीची असावीत तशी वापरली गेली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकला तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. देवगिरीच्या कवीने जे राखलं ते कायद्यानेही राखलं आहे. सिद्ध करायला मात्र कार्बन प्रतच लागते.

नव्वदच्या दशकात केबल आलं, १९९९-२००० मध्ये खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि दुपारची वाचक टीव्हीसमोर बसली. वाचनालयांची खरेदी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांकडे वळली. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे गेले, संगणकावरची अक्षरजुळणी म्हणजे डीटीपी आलं. पुढे भारनियमनाच्या वर्षांत लिहिण्याची वेळ विजेच्या वेळापत्रकावर गेली. प्रेमकादंबरी संपली असंच तेव्हा वाटत होतं.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ती फोनवरून परत आली. स्वीडनच्या एका कंपनीचं ऐकण्याच्या पुस्तकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं आणि त्याच सुमारास मालिका-कथांची ॲपं मराठीत रुजली. आजची लेखिका जालन्यात किंवा सेलूत बसून हजार-बाराशे शब्दांचा भाग रोज ठरलेल्या वेळी टाकते. फॉर्म गेला, भाग आला. पन्नास भागांत तेवढीच लांबी भरते. बोलून टाइप करायचं, मग ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं, रात्री प्रतिक्रिया वाचून उद्याचा भाग वळवायचा. एक दिवस चुकला की वाचक खाली विचारतात. संभाजीनगरसारख्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. पाण्याच्या दिवशी सकाळ भरण्यात जाते, म्हणून आदल्या रात्री दोन भाग लिहून ठेवणाऱ्या लेखिका आहेत. संवाद आता "करलालास" असेच जातात आणि वाचकांना ते आवडतात.

पैशाचा प्रश्न इथेही नव्या रूपात आला आहे. काही ॲपं वाचनाच्या प्रमाणात देतात, काही पूर्ण मालिका ठरावीक रकमेला मागतात आणि आवाज, चित्रपट, भाषांतर हे सगळे हक्क एका टिचकीत घेतात. मुदत आणि माध्यम वेगवेगळं लिहून मागणाऱ्या लेखिका अजून थोड्या आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या बहुतेक कादंबऱ्या अजून कुणाच्या तरी मालकीच्या आहेत. त्यांच्या वारसांपैकी ज्यांच्याकडे पावती आहे त्यांना निदान मजकूर वाचून बोलता येतं. बाकीच्यांकडे निळ्या-जांभळ्या प्रतीचं बाड आहे आणि प्रकाशकाकडून आलेली पोस्टकार्डं आहेत. हक्क लिहून दिल्याचा कागद समोरच्याला दाखवता आला नाही, तर तीच त्यांच्या उपयोगी पडतील.